भूमिगत धन आणि धातुशोधक यंत्र

पायाळू मनुष्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलें असतां त्यास जमिनींत पुरलेलें धन दिसूं लागतें, अशी समजूत महाराष्ट्रांत फार जुन्या काळापासून चालत आलेली आहे. पायांकडून जन्मास आलेलें मूल तें पायाळू. त्याच्या ठिकाणीं ही दृष्टि उपजतच असते, केवळ अंजनानें ती उघडावी लागते, असें सांगणारे लोक अजूनहि भेटतात. गिरणेच्या कांठच्या भडगांवासारख्या जुन्या गांवीं ज्याचें बाळपण गेलें असेल, त्यानें अशी एखादी तरी गोष्ट ऐकलेलीच असावयाची. अमक्या वाड्याच्या पडक्या भिंतींत मोहोरांची हंडी आहे, तिच्यावर नाग बसलेला आहे, आणि ती कोणाला तरी स्वप्नांत येऊन हांक मारते! गोष्ट म्हणून ऐकावयास ही मोठी गोड लागते. परंतु तिच्या पायीं भोळ्या कुटुंबांचीं घरें खणलीं गेलीं, मांत्रिकांनीं संसार धुऊन नेले, आणि क्वचित् प्रसंगीं नरबळीपर्यंत मजल गेली. महाराष्ट्रांत २०१३ सालीं नरबळी व अघोरी प्रथा यांविरुद्ध जो कायदा झाला, त्यांत गुप्तधनाच्या शोधासाठीं केलेल्या अमानुष कृत्यांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला, यावरून हा रोग किती खोल गेलेला होता याची कल्पना येईल.

आज पायाळूची जागा एका यंत्रानें घेतली आहे. लोक त्यास मेटल डिटेक्टर म्हणतात. आम्ही त्यास धातुशोधक म्हणूं. एका दांडीच्या टोकास बसविलेली थाळी जमिनीवरून फिरवावयाची आणि कानाशीं आवाज झाला कीं तेथें खणावयाचें, एवढेंच त्याचें बाह्य स्वरूप आहे. अंजनावर जी श्रद्धा होती तीच श्रद्धा कित्येकांची या यंत्रावर जडलेली आम्हांस दिसते. पैसे मोजले आणि यंत्र घरीं आणलें, कीं धरित्री आपलें पोट आपण होऊन उघडील, असें त्यांस वाटतें. वास्तविक हें यंत्र पायाळूसारखें मुळींच नाहीं. तें फार तर एखाद्या प्रामाणिक परंतु मंदबुद्धि नोकरासारखें आहे. तें खोटें बोलत नाहीं; पण त्याच्या बोलण्याचा अर्थ लावण्यास धन्यास शहाणपण लागतें, आणि तें शहाणपण दुकानांत विकत मिळत नाहीं.

प्रथम हें धन जमिनींत आलें कोठून याचा विचार करूं. खानदेशापुरतें बोलावयाचें तर उत्तर दूर शोधावयास नको. १८०२ व १८०३ या वर्षीं यशवंतराव होळकरांच्या फौजांनीं हा प्रांत लुटून फस्त केला, आणि १८०४ सालीं त्याच्या पाठोपाठ भयंकर दुष्काळ पडला. पुढें पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या. गढ्यागढ्यांतून अरब शिबंदी मातली. १८१८ सालीं प्रांत इंग्रजांच्या हातीं गेला तेव्हां कित्येक गांवें ओस पडलेलीं होतीं. अशा काळांत ज्याच्याजवळ चार रुपये शिल्लक होते त्यानें ते ठेवावे कोठें? सराफ स्वतःच पळालेला. तेव्हां चुलीखालीं, उंबऱ्याखालीं किंवा गव्हाणीखालीं खड्डा करून गाडगें पुरावें आणि मुलाबाळांसह रान गांठावें, हाच एक मार्ग होता. पुरणारा परत आला तर त्यानें आपलें गाडगें काढून घेतलें. परत आला नाहीं तर तें तेथेंच राहिलें. म्हणून जमिनींत राहून गेलेलें प्रत्येक गाडगें ही कोणी तरी घरीं परत न आल्याची खूण होय. गुप्तधनाच्या गोष्टी सांगतांना आपण एवढें मात्र नेमकें विसरतों.

याहूनहि जुना थर आहे. भडगांवाच्या वरच्या अंगास, गिरणेच्याच कांठीं, चाळीसगांव तालुक्यांत बहाळ म्हणून गांव आहे. तेथील टेकाडाचें उत्खनन श्री. म. न. देशपांडे यांनीं १९५२-५३ सालीं प्रथम केलें, आणि सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं, तांब्याचा उपयोग ठाऊक असलेले परंतु लोखंड ठाऊक नसलेले शेतकरी या नदीकांठीं नांदत होते, असें दिसून आलें. समोरच्या तीरावरील टेकवाडें येथें त्यांचीं दफनें सांपडलीं. आमच्या भाषेंत शेतजमिनीस काळी आणि वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. शेंकडों वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती व खापरें यांनीं वस्तीची माती पांढुरकी होते, आणि गांव उठून गेलें तरी ती रंगानें ओळखूं येते. ही पांढरी खताच्या गुणाची म्हणून शेतकऱ्यांनीं गाड्या भरभरून शेतांत टाकली, आणि धाब्याच्या घरांवरहि ती पसरली. त्यामुळें नदीकांठच्या एखाद्या शेतांत जुनें नाणें सांपडलें तर तें तेथेंच कोणाच्या हातून पडलें असें धरून चालतां येत नाहीं. कदाचित् तें शंभर वर्षांपूर्वीं कोसभर अंतरावरच्या टेकाडांतून गाडींत बसून आलेलें असावयाचें. यंत्राचा आवाज ही गोष्ट सांगत नाहीं.

आतां यंत्राच्या जन्माकडे वळूं. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर एका माथेफिरूनें गोळ्या झाडल्या. एक गोळी शरीरांत अडकून राहिली आणि ती कोठें आहे हें शस्त्रवैद्यांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून चौदा वर्षें अवकाश होता. तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं तारेच्या वेटोळ्यांचें एक उपकरण सिद्ध केलें. शिशाच्या गोळीजवळ तें नेलें असतां टेलिफोनच्या श्रवणीत गुणगुण ऐकूं येई. आधीं केलेल्या प्रयोगांत तें ठीक चाललें. परंतु अध्यक्षांच्या शय्येपाशीं तें भलतीकडेच गुणगुणूं लागलें. गादींत पोलादी स्प्रिंगा होत्या, हें त्याचें एक कारण सांगतात. दुसरें कारण अधिक बोधप्रद आहे. गोळी उजव्या अंगास आहे असें मुख्य डॉक्टरांचें ठाम मत असल्यामुळें त्यांनीं उजवी बाजूच तपासूं दिली. १९ सप्टेंबर रोजीं गारफील्ड वारले, आणि शवच्छेदनांत गोळी डाव्या अंगास निघाली. धातुशोधकाच्या इतिहासांतील पहिलें अपयश अशा रीतीनें माणसाच्या हट्टाचें होतें. शोध कोठें करावयाचा हें ज्यानें चुकविलें, त्याला यंत्र तारूं शकत नाहीं.

पुढें १९३७ सालीं गेर्हार्ड फिशर यांनीं अमेरिकेंत अशा हातयंत्राचें पेटंट मिळविलें. दुसऱ्या महायुद्धांत यूझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानें सुरुंग शोधण्याचें यंत्र तयार केलें, आणि १९४२ च्या शरदांत एल् अलामेनच्या वाळवंटांत इंग्रज फौजांनीं तें वापरून सुरुंगांच्या पेरणींतून वाट काढली. युद्ध संपल्यावर हीं यंत्रें नागरिकांच्या हातीं आलीं, आणि सैनिकाचें जीवरक्षक साधन छंदिष्टाचें खेळणें झालें.

याची क्रिया थोडक्यांत सांगतां येईल. थाळींत तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सेकंदास हजारों वेळां दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं तसेंच बदलतें चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें. तें जमिनींतील धातूस भिडलें कीं त्या धातूंत भोंवऱ्यासारखे बारीक प्रवाह फिरूं लागतात, आणि त्यांचें स्वतःचें क्षीण क्षेत्र उलट वर येतें. दुसरें वेटोळें तें टिपतें व यंत्र आवाज करतें. हें परत येणारें क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्यानें क्षीण होतें. म्हणून एखादें सुटें नाणें सामान्यतः वीतभर खोलीपर्यंतच ऐकूं येतें; मोठें भांडें असेल तर त्याहून कांहीं अधिक. दहा हात खोल पुरलेली हंडी दाखवितों म्हणणारा यंत्रविक्या आणि अंजनवाला मांत्रिक यांच्यामध्यें आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे. खानदेशची काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेपासून बनलेली असून त्या खडकांत मॅग्नेटाइट नामक लोहखनिजाचे कण असतात. त्यामुळें येथें जमीनच बोलूं लागते. जुन्या चुलींची, विटांची, भट्टीची भाजलेली माती तर अधिकच बोलते. म्हणून यंत्र हातीं घेतल्यावर पहिलें काम म्हणजे थाळी जमिनीवर खालींवर करून मातीचा स्वतःचा आवाज मावळेपर्यंत यंत्र जुळवून घेणें. आणि हें एकदां करून भागत नाहीं. बांध ओलांडला, माती बदलली, कीं पुन्हां जुळवावें लागतें. त्यानंतर हात शिकतो. थाळी जमिनीपासून सारख्या अंतरावर राहिली पाहिजे. नवशिका फेरीच्या दोन्ही टोकांस ती झोंपाळ्यासारखी वर उचलतो आणि तेवढी जमीन त्याची सुटून जाते. फेरी संथ असावी, आणि प्रत्येक फेरीनें मागल्या फेरीचा अर्धा पट्टा पुन्हां झांकावा. शेवटीं कान शिकतो. गंजलेल्या खिळ्याचा आवाज एका दिशेनें जातांना येतो आणि आडव्या दिशेनें गेलें म्हणजे तुटतो. वाटोळ्या नाण्याचा स्वर दोहोंकडून सारखा व स्वच्छ असतो. हें पुस्तकांत वाचून समजतें. परंतु शंभर खिळे उकरून काढल्यावांचून तें कळत नाहीं.

याचा एक साधा अनुभव आम्हीं घेतलेला आहे. भडगांवाजवळ आमच्या एका स्नेह्यांचें गिरणाकांठीं शेत आहे. कापूस वेचतांना त्यांच्या मातोश्रींची मंगळपोत तुटली. मणी बहुतेक मिळाले, एक वाटी पदरांत अडकलेली निघाली, दुसरी नाहींशी झाली. सोनें गुंजाभरच, पण माईंच्या यजमानांना जाऊन नऊ वर्षें झालीं होतीं, आणि वैधव्यांतहि त्या वस्तूवर त्यांचा जीव होता. कोणी कांहीं म्हणो, त्यांनीं ती काढली नव्हती. आमच्या स्नेह्यांनीं कोठून तरी धातुशोधक मिळविला आणि आम्ही दोघे तीन दिवस त्या शेतांत फिरलों.

पहिल्या दिवशीं यंत्र क्षणभर गप्प बसेना. संध्याकाळपर्यंत टोपलीभर जिन्नस जमले : बैलांच्या पत्र्या, खिळे, तारेचे तुकडे, वखराच्या पासेचा एक टवका, आणि तंबाखूच्या पुड्यांचे चकचकीत कागद तर किती म्हणून सांगावे! दुसऱ्या दिवशीं आम्हीं शहाणपणा केला. यंत्रांत निवड करण्याची सोय असते. ती फिरवून त्या चकचकीत कागदांचा आवाजच बंद करून टाकला. मग सारा दिवस शांततेंत गेला, आणि कांहींच सांपडलें नाहीं. रात्रीं विचार करतांना चूक लक्षांत आली. सोन्याच्या पातळ पत्र्याचा स्वर आणि त्या चंदेरी कागदाचा स्वर यांत यंत्रास फारसा भेद कळत नाहीं. कचऱ्याचा आवाज बंद करतांना आम्हीं सोन्याचेंहि तोंड बंद केलें होतें!

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही यंत्र बाजूस ठेवून माईंच्या पुढें बसलों आणि त्या दिवशीं त्या कोठून कोठें गेल्या तें सविस्तर विचारलें. आधीं हें कोणासहि सुचलें नव्हतें. त्या म्हणाल्या, दुपारीं निंबाखालीं भाकरी खाल्ली आणि तेथेंच ओटींतला कापूस गांठोड्यांत ओतला. आम्हीं निंबाखालची पांच हात लांबरुंद जमीन सुतळीनें आंखली, सर्व आवाज मोकळे केले, आणि प्रत्येक आवाज, कागद असो कीं कांहीं असो, उकरून पाहिला. एकेचाळीस तुकडे कागदाचे निघाले. त्यानंतर पायानें दबलेल्या मातींत दोन बोटें खोल वाटी लागली. माईंनीं ती पुसली, कपाळास लावली, आणि आम्हांस चहा विचारला. अधिक कांहीं बोलल्या नाहींत. यंत्र तिन्ही दिवस तेंच होतें. जें वाढलें तें आमचें होतें, आणि त्यांतलेंहि अर्धें माईंच्या स्मरणाचें होतें.

शेतांत हरवलेली वाटी सांपडली म्हणजे काम संपतें. इतिहासाच्या वस्तूंचें तसें नाहीं. तेथें वस्तु सांपडल्यावर खरें काम सुरू होतें. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा १३,००० हून मोठा सांठा मिळाला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी यानें आपला शिक्का पुन्हां मारलेला आहे. गौतमीपुत्रानें क्षहरातांचें निर्मूलन केलें असें नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतो. त्या विधानास चांदीची साक्ष मिळाली. परंतु ही साक्ष कोणत्या एका नाण्याची नव्हे, तर सबंध सांठ्याची आहे. त्यांतलीं शंभर नाणीं एका सराफाकडे आणि दोनशें दुसऱ्याकडे जाऊन वितळलीं असतीं, तर किती नाण्यांवर शिक्का आहे आणि किती नाण्यांवर नाहीं, हें प्रमाणच नष्ट झालें असतें.

दायमाबादची कथा याच्या उलट आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं हें प्राचीन स्थळ आहे. १९७४ सालीं तेथें एका गांवकऱ्यास झाडाचें खोड उकरतांना चार भरीव धातुशिल्पें सांपडलीं : बैलजोडी जुंपलेला रथ व त्यांत उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. सर्वांचें मिळून वजन ६० किलोहून अधिक आहे. भारतीय कलेच्या इतिहासांत यांस तोड नाहीं. तथापि तीं कोणत्या थरांतून निघालीं हें शास्त्रीय रीतीनें पाहण्यापूर्वींच तीं बाहेर आलेलीं होतीं. नंतर तेथें उत्खननें झालीं, देशपांडे, राव, साळी हे विद्वान् तीं उत्तर हडप्पाकाळचीं मानतात, उलट डी. पी. अगरवाल यांनीं त्यांतील एक टक्क्याहून अधिक सोमलाच्या प्रमाणावरून तीं बऱ्याच पुढच्या काळचीं असावींत असें मत मांडलें. या वादांत हजाराहून अधिक वर्षांचें अंतर आहे. उकरणाऱ्या गरीब मनुष्यास आम्ही मुळींच दोष देत नाहीं. तो सरपण काढीत होता. परंतु मुद्दाम यंत्र घेऊन रात्रीं टेकाड पोखरणारा मनुष्य हीच हानि जाणून बुजून करतो.

असें होऊं नये म्हणून काय करावें, याचा धडा एका इंग्रज गृहस्थानें घालून दिलेला आहे. नोव्हेंबर १९९२ मध्यें इंग्लंडांतील हॉक्सन गांवीं तो आपल्या मित्राचा शेतांत हरवलेला हातोडा धातुशोधकानें शोधीत होता. हातोड्याऐवजीं रोमन काळचीं सोन्याचांदीचीं नाणीं व चमचे निघूं लागले. थोडेंसें निघाल्यावर तो थांबला आणि त्यानें अधिकाऱ्यांस कळविलें. दुसऱ्या दिवशीं पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं तो खड्डा नीट उलगडला. सुमारें १५,००० नाणीं मिळालीं. शिवाय तीं एका लांकडी पेटींत होतीं, आंत लहान डब्या व चांदीचीं चिमुकलीं कुलुपें होतीं, कांहीं भांडीं गवतांत गुंडाळलेलीं होतीं, हें सर्व कळलें. पांचव्या शतकाच्या आरंभीं, रोमचें राज्य मोडत असतां, कोणा कुटुंबानें किती काळजीनें आपली चीजवस्तु बांधली, याचें चित्रच जणूं उभें राहिलें. खानदेशांतला तो गव्हाणीखालचा खड्डा आणि हा खड्डा एकाच भीतीनें खणलेले आहेत. त्या गृहस्थाला मोठें पारितोषिक मिळालें, आणि हातोडाहि मिळाला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. यंत्र वापरण्यांतलें सर्वांत मोठें कौशल्य थांबण्याचें आहे, असें आम्ही म्हणतों तें यासाठीं.

आपल्याकडेहि कायदा अगदींच अडाणी नाहीं. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळविणें भाग आहे. चौकशीअंतीं मालक न मिळाल्यास आणि सरकारनें तें मोबदला देऊन घेतलें नाहीं तर, दुसरा करार नसल्यास तीन चतुर्थांश सांपडविणारास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळावें अशी त्यांत तरतूद आहे. लपविणारास हिस्सा तर मिळत नाहींच, शिवाय शिक्षा होते. संरक्षित स्थळीं परवानगीवांचून खणणें हा स्वतंत्र अपराध आहे. तरीहि लोक लपवितात, कारण सरकार सारेंच घेऊन जाईल अशी भीति खोल रुजलेली आहे. ही भीति घालविणें हें कायद्याइतकेंच शाळामास्तरांचें, तलाठ्याचें आणि आपणां सुशिक्षित कुटुंबांचें काम आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगून लेख पुरा करतों. चाळीसगांवाजवळ पाटणें येथें भास्कराचार्यांच्या नातवानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापन केल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो उजेडांत आणला. त्याच पाटण्यास श्री. साळी यांना हजारों वर्षांपूर्वींच्या माणसांनीं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे केलेले मणी मिळाले. धातुशोधक यंत्र या दोहोंवरून फिरविलें असतें तर तें अवाक्षर बोललें नसतें. खानदेशचें भूमिगत धन म्हणावयाचें तें पुष्कळसें अशा मुक्या जातीचें आहे. आमच्या स्नेह्यांनीं यंत्र परत केलें. टोपलींतल्या पत्र्या व खिळे मात्र त्यांच्या मुलानें एका डब्यांत जपून ठेवले आहेत, आणि कोणता कोठें मिळाला हें त्यानें प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहिलें आहे. तो मुलगा बारा वर्षांचा आहे, आणि पायाळू नाहीं.